तीन तुरुंग आणि एक खराटा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

१९३२ सालच्या फेब्रुवारी महिन्याची २१ तारीख. रविवार होता. धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैदी जमून बसले आणि विनोबा भावे त्यांच्यासमोर गीतेवर बोलू लागले. पहिल्या रविवारी पहिला अध्याय, दुसऱ्या रविवारी दुसरा. असं करत १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. अठरा रविवार, एकही चुकला नाही. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. ते भरभर लिहून घेत राहिले, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आलं आणि पुढे देशातल्या बहुतेक भाषांत गेलं. दुसऱ्याचं बोलणं असं इमानानं उतरवून घेणं, त्यात स्वतःचं काहीही न मिसळणं, हीसुद्धा एक सेवाच. आणि वर्षभराच्या आत, १९३३ च्या फेब्रुवारीत, याच गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

मी धुळे जिल्ह्यातला. घरात आम्ही दखनी बोलायचो, गल्लीत अहिराणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. त्या तुरुंगाच्या रस्त्यानं लहानपणी कितीदा तरी गेलो असेन. आत चोर-दरोडेखोर असतात एवढंच ठाऊक होतं. तिथे कुणी गीता सांगितली होती, हे कळायला कॉलेजात जावं लागलं.

तुरुंगात गीतेचा अर्थ लावण्याची महाराष्ट्राला तोवर सवयच झालेली होती म्हणा ना. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. ते १९१५ साली छापून आलं. त्याचं दुसरं नाव ‘कर्मयोगशास्त्र’. गीता माणसाला संसारातून उठून जायला सांगत नाही, कामाला लागायला सांगते, हे टिळकांनी शेकडो पानं खर्चून मांडलं. ग्रंथ विद्वानांचा आहे. मी तो दोनदा वाचायला घेतला आणि दोन्ही वेळा मध्येच ठेवला, हे कबूल केलेलं बरं.

विनोबांचं तसं नाही. त्यांनी गीता आईसाठी मराठीत आणली. रुक्मिणीबाईंना संस्कृत कळत नव्हतं, मराठी भाषांतरही जड जात होतं. तूच का करत नाहीस, असं त्यांनी मुलाला विचारलं होतं. आई १९१८ साली गेली. मुलानं १९३०-३१ मध्ये काम पुरं केलं आणि त्याला ‘गीताई’ हे नाव दिलं. त्यामुळे धुळ्याच्या प्रवचनांत शेतकरी, चरखा, स्वयंपाक, आई आणि मूल हेच दाखले फिरून फिरून येतात. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा एक हिशेब मांडतात. बाहेरून हातानं होतं ते कर्म. त्या कामात मन आतून ओतलं जातं, त्याला ते विकर्म म्हणतात. दोन्ही एक झालं की कामाचं ओझं उरत नाही, ते अकर्म. महादेवाच्या पिंडीवर नुसती पाण्याची धार धरली आणि मन भलतीकडेच असलं, तर पिंडीवर पाणी पडतं, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला माझी दादी आठवली. ती निरक्षर होती. नमाजाच्या आधी नीयत बांधावी लागते, हे तिनं आम्हाला पहिल्यांदा शिकवलं. वाटेतला काटा बाजूला करणं हासुद्धा सदका आहे, असं ती सांगायची आणि खरोखर वाकून काटा उचलायची. विकर्म हा शब्द तिला कळला नसता, त्यातली गोष्ट मात्र तिला ठाऊक होती.

आता तिसरा तुरुंग. साल तेच, १९३२. धुळ्यातली प्रवचनं जूनमध्ये संपली. रत्नागिरीच्या तुरुंगात सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आपले अप्पासाहेब, कैदेत होते. पुण्यातली प्राध्यापकी सोडून गांधीजींकडे गेलेला हा माणूस. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे एक मागणी केली. आराम नको, सवलत नको, मला भंगीकाम द्या. (हा त्या काळचा शब्द आहे. आज तो कुणाला उद्देशून वापरू नये. पण इतिहास सांगताना त्यातला विखार लपवताही येत नाही.) तुरुंगाचा नियम असा, की ते काम ज्यांच्या जातीकडे चालत आलंय त्याच कैद्यांनी करायचं. इंग्रज सरकार एरवी जातीपातीला हसायचं, पण तुरुंगाच्या नियमात तिनं सरकारी जागा पटकावलेली होती. मागणी फेटाळली गेली. अप्पांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. बातमी येरवड्याला गांधीजींपर्यंत पोचली आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही अप्पांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. आश्वासन मिळालं आणि दुसऱ्या दिवशी तो सुटला. त्याच सप्टेंबरात पुणे करार झाला होता. तो उपवास सगळ्यांना पाठ असतो. डिसेंबरातला हा उपवास, मैला उचलायचा हक्क मागणारा, फारसा कुणाच्या लक्षात नाही.

हक्क मागणारा. हाच शब्द मला वर्षानुवर्षं टोचत आलाय.

आमच्या गल्लीत सत्तरच्या दशकात टोपलीचे संडास होते. घरांच्या मागून एक अरुंद बोळ जायचा. त्या बोळानं सकाळी एक बाई यायच्या. आम्ही पोरं त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्या एका हातात पत्रा आणि खराटा असायचा, डोक्यावर डबा. पावसाळ्यात डबा झिरपायचा. ईदच्या दिवशी दादी त्यांना शिरखुर्मा द्यायची, पण वरून ओतून. कप त्यांनी घरून आणायचा. रस्त्यातला काटा उचलणारी माझी दादी, सगळी माणसं आदमची लेकरं आहेत असं सांगणारी माझी दादी, तो कप हातात घेत नव्हती. आमच्या मजहबात शिवाशीव नाही, असं आम्ही अभिमानानं सांगतो. किताबात नाही, हे खरं. मागच्या बोळात होती.

त्या मावशींना कुणी कर्मयोगी म्हटलं नाही. आणि म्हटलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? त्यांच्या कामात फळाची अपेक्षा होती, महिन्याच्या पगाराची. काम सोडायची मुभा मात्र नव्हती. अप्पासाहेबांनी खराटा मागून घेतला. मावशींच्या हाती तो जन्मतःच दिलेला होता. एकाच कामाला एका ठिकाणी योग म्हणायचं आणि दुसऱ्या ठिकाणी नशीब, हे गणित माझ्याच्यानं सुटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा हिशेब मागणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४५ साली आला. सफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवायचं आणि ज्यांच्यावर ते लादलं आहे त्यांना त्यातच ठेवायचं, ही त्यांना क्रूर चेष्टा वाटली. मी विनोबांचा चाहता आहे. तरी या प्रश्नापुढे कुणाही चाहत्याला मान खाली घालून बसावं लागतं. स्वेच्छेनं केलेली सेवा सुंदर असते, कारण तिच्यामागे ‘नाही’ म्हणायची मोकळीक असते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला निष्कामतेचा उपदेश कोणत्या तोंडानं करायचा?

मी बी.ए.ला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेलो होतो. दहा दिवस एका खेड्यात आम्ही गटारं उपसली, गल्ल्या झाडल्या, शोषखड्डे खणले. हाताला फोड आले. रात्री शेकोटीपाशी कविता म्हटल्या. खोटं कशाला सांगू, आयुष्यातले फार चांगले दिवस होते ते. समारोपाला व्यासपीठ उभारलं, हार घातले गेले, भाषणांत कर्मयोग हा शब्द निदान पाच वेळा आला. कार्यक्रम संपला. व्यासपीठासमोर झेंडूच्या पाकळ्यांचा आणि चहाच्या कपांचा खच पडला होता. आमच्यापैकीच एकानं बाजूला उभ्या असलेल्या, गावात रोज झाडणाऱ्या बाईंना हाक मारून सांगितलं, “बाई, तेवढं झाडून घ्या.” दहा दिवस खराटा हातात धरलेली आम्ही साठ पोरं तिथेच उभी होतो. कुणी पुढे झालं नाही. मीही नाही. बाईंनी झाडून घेतलं.

गाडगेबाबांच्या बाबतीत असं घडूच शकत नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरात १८७६ साली जन्मलेला हा माणूस. गीता वाचायचा प्रश्नच नव्हता, अक्षरओळखच नव्हती. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटकं गाडगं. गावात शिरले की आधी झाडलोट आणि रात्री कीर्तन. दिवसभर हातानं झाडायचं, रात्री तोंडानं. कीर्तनात ते उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतः मात्र ते त्यांचे मालक झाले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्या गावात चोखोबाला देवळाच्या पायरीपाशी राहावं लागलं, तिथली इमारत शिक्षणासाठी बाबासाहेबांच्या संस्थेकडे. खराटेवाल्यानं बाबासाहेबांचा प्रश्न वादाशिवाय समजून घेतला होता, असं मला वाटतं. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. गाडगेबाबा त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला.

अप्पासाहेबांवरही अन्याय व्हायला नको. तेही नुसता खराटा हाती धरून थांबले नाहीत. कणकवलीजवळ १९४८ साली गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे त्यांनी मेलेली जनावरं सोलायचं काम स्वतः केलं, आणि डोकं लावलं ते संडासावर. मैला माणसाच्या हाताला लागता कामा नये, त्याचं खत व्हावं, खर्च गरिबाला परवडावा, यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग. गोपुरी संडास हे नाव कोकणातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. ब्राह्मण घरातला एक प्राध्यापक चर, खड्डा आणि माती यांची मापं घेत बसला, हे मला अनेक तत्त्वचर्चांपेक्षा मोठं वाटतं. मावशींच्या डोक्यावरचा डबा उतरवायचा तर प्रवचन पुरत नाही. संडासाची रचना बदलावी लागते.

डबे उतरले, पण फार उशिरा. हातानं मैला उचलण्याला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. म्हणजे मृत्यू होणार, हे गृहीतच आहे.

विनोबांना १९५१ नंतरच्या भूदानानं जगभर नाव मिळालं. त्याआधीची दोन वर्षं मला जास्त जवळची आहेत. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ साली, ते दिल्लीकडे गेले आणि फाळणीत उखडल्या गेलेल्या मेवातच्या मेव मुसलमानांना त्यांच्या जमिनीवर परत बसवण्यासाठी राबले. कुराण त्यांनी अरबी शिकून मुळातून वाचलं होतं. त्यातल्या निवडक आयतींचं ‘कुराणसार’ १९६२ च्या सुमारास निघालं. गीतेवर बोलणारा हा माणूस मेवांच्या झोपड्यांत जाऊन बसला, तेव्हा त्याला त्यांच्या घरातली भाषा येत होती.

त्याच्याही आधी, १९४६ पासून, पवनारहून शेजारच्या सुरगावला ते रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून चालत जात आणि गावाबाहेरच्या वाटेवरची घाण उचलून मातीआड करत. किती दिवस करणार, असं कुणी विचारलं तर म्हणत, वीस वर्षं. एक पिढी बदलायला तेवढी लागतात. एकदा फार पाऊस झाला. नाल्याला पूर आला, पलीकडे जाता येईना. पलीकडच्या काठावर एक गावकरी उभा होता. विनोबांनी त्याला ओरडून सांगितलं, की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा सफाईवाला आज आला होता. गावकऱ्यानं मान डोलावली. पुजाऱ्याला सांगतो म्हणाला. विनोबा फावडं खांद्यावर घेऊन माघारी वळले.