पडद्यावरचे कोटणीस आणि इतिहासातले कोटणीस

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आमच्या दृष्टीस पडले : ‘डॉ. कोटणीस चीनमध्ये प्लेगच्या साथीत लोकांना वाचवताना प्लेगनेच मरण पावले.’ पाठ्यपुस्तकात तसे नव्हते. विचारले तेव्हा कळले की मुलाने घरी आजोबांबरोबर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट पाहिला होता. गुण कापावेत की नाही, हा प्रश्न आम्हांस पडला.

व्ही. शांताराम यांनी राजकमलतर्फे १९४६ साली हा हिंदी चित्रपट काढला. नायक ते स्वतः, चिनी नायिका जयश्री आणि संगीत वसंत देसाई यांचे. युद्ध, परमुलखातील प्रेम आणि अकाली मृत्यू या तिन्ही गोष्टी कथेत होत्याच. तीत भर पडली ती प्लेगची. नायक रोगावर उपाय शोधतो आणि शेवटी त्याच रोगाला बळी पडतो.

इतिहास काय सांगतो? जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर हे दोघे होते. १९३९ साली कोटणीस येनानला पोचले व पुढे उत्तर चीनच्या युद्धक्षेत्रात गेले. १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी तेथील परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस अपस्माराने वारले. बाकीचे चौघे मायदेशी परतले. ज्या पुस्तकावरून चित्रपट निघाला, त्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘एक परतला नाही’ हा अर्थ आहे.

प्लेग आणि अपस्मार यांतील फरक केवळ निदानाचा नाही. प्लेगने मृत्यूला कारण मिळते. नायकाने इतरांसाठी प्राण दिला हे प्रेक्षकाला एका क्षणात पटते. अपस्माराच्या मृत्यूत असा क्षण सापडत नाही. झटके येऊ लागल्यावरही कोटणिसांनी काम सोडले नाही. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवीत आणि अखेरच्या दिवसांत शस्त्रवैद्यकावर पाठ्यपुस्तक लिहीत होते. त्यांचा त्याग होता तो या रोजच्या कामात. दोन तासांच्या खेळात असे काम दाखवणे कठीण. पण आपण शिक्षकांनी तरी ते ओळखावे.

तरीही चित्रपटाचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. तो निघाला नसता, तर त्या मुलाला कोटणिसांचे नावही अभ्यासापुरतेच ठाऊक राहिले असते. यिनह्वा वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. छिंगलान २०१२ साली निवर्तल्या. त्या घराची आठवण आपल्याकडे जी उरली, तिचा मोठा भाग या चित्रपटाने राखला.

आम्ही त्या वाक्याचा गुण कापला. मात्र दुसऱ्या दिवशी तासाला त्याच मुलाला उभे करून चित्रपटाची गोष्ट वर्गाला सांगायला लावली आणि ती संपल्यावर त्या अपुऱ्या पाठ्यपुस्तकाची गोष्ट आम्ही सांगितली. वर्ग दोन्ही वेळा सारखाच शांत होता.