मालगाडीची ‘वाघीण’ बारा सेंटिमीटरमध्ये कशी बसवतात?

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. जंगलाशी काही संबंध नाही. इंग्रजी ‘वॅगन’ आपल्या तोंडात रुळता रुळता वाघीण झाली आणि बातम्यांमध्ये आजही खताच्या वाघिणी येतात.

मंठ्यात मात्र रेल्वेच नाही. वाघीण बघायची तर जवळचं स्थानक परतूर, मनमाड-परभणी मार्गावरचं. पण हीच वाघीण घरातल्या टेबलावर, मापात, हाताने बनवणारे लोक आहेत. हा छंद नेमका काय असतो?

१:८७ म्हणजे काय?

खऱ्या डब्याच्या प्रत्येक मापाला ८७ ने भागायचं. या प्रमाणाला ‘एचओ’ म्हणतात आणि जगभर ते सर्वाधिक चालतं. आपल्याकडे ते बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे.

कोळसा वाहणारी उघडी ‘बॉक्सएन’ घ्या. नावातच तिची ओळख आहे: बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच बाजूंची, एन म्हणजे हवेच्या ब्रेकची. कपलिंगसह खरी लांबी १०.७१३ मीटर, म्हणजे मॉडेल १२३ मिलिमीटर. रुंदी ३.२ मीटर, म्हणजे सुमारे ३७ मिलिमीटर. हातात मावते.

मग अडचण कुठे येते?

रुळांवर. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. ८७ ने भागल्यावर १९.३ मिलिमीटर येतात. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून ठरला. म्हणजे डबा अचूक बनवला तरी चाकं आत सरकलेली दिसणार. रूळ हाताने टाकणं हा एक उपाय. बहुतेक जण तडजोड करतात, आणि माझ्या मते त्यात काही गैर नाही. बाजूने बघताना हा फरक लक्षातही येत नाही.

गंमत म्हणजे परतूरचा जुना मार्ग जास्त खरा बनतो. निजामकाळातला हा मार्ग मीटरगेज होता, १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. १००० भागिले ८७ म्हणजे ११.५ मिलिमीटर, आणि १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो! म्हणजे आज समोरून जाणारी गाडी रुळावर नीट बसत नाही आणि गेलेली बसते. फक्त त्या गेलेल्या गाडीची मापं आता जुन्या फोटोंतून आणि आराखड्यांतूनच काढावी लागतात.

मापं कशी घ्यायची?

टेप घेऊन यार्डात शिरू नका. विनापरवाना रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्लॅटफॉर्मवरून, डब्याच्या बरोबर समोरून घेतलेला फोटो पुरतो. बॉक्सएनचा नुसता सांगाडा, कपलिंग सोडून, ९.७८४ मीटरचा. फोटो असा छापा की तेवढा भाग ११२ मिलिमीटर भरेल. झाला तुमचा आराखडा. बाकीची मापं त्यावरून पट्टीने घ्या.

सांगाडा पातळ प्लास्टिक शीटचा, बाहेरच्या उभ्या पट्ट्या त्याच शीटच्या चिंध्यांमधून. इथे नवशिके हमखास चुकतात: दोन्ही टोकांना गोल बफर लावतात. ते जुन्या चारचाकी डब्यांना असायचे. बॉक्सएनला मधोमध एकच कपलर असतो. बाजूला हँडब्रेकचं चाक आणि ‘रिकामी/भरलेली’ दाखवणारा दांडाही विसरू नका.

वजनही महत्त्वाचं. हलका डबा वळणावर उलटतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा ठोकताळा असा: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. आपल्या वाघिणीला म्हणजे साधारण ९० ग्रॅम. आतून नट-बोल्ट चिकटवा, वर फोमचा तुकडा ठेवा, त्यावर खरा कोळसा कुटून टाका.

शेवटी अंग. नवा कोरा डबा खेळणं वाटतो. गंजासाठी तपकिरी खडूची पूड कोरड्या ब्रशने घासतात, सांध्यांवर जास्त, वरच्या कडेला कमी. मग ११ अंकी क्रमांक: पहिले दोन अंक डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंकी स्वतःचा नंबर आणि शेवटी एक पडताळणीचा अंक. रिकाम्या डब्याचं वजन २२.४७ टन हेही त्यावर बारीक लिहिलेलं असतं. तीन मिलिमीटरच्या अक्षरात ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

पूर्ण रेक करायचा विचार असेल तर आधी खोली मोजा. ५८ बॉक्सएनची रांग १:८७ मध्येही सात मीटरच्या वर जाते, इंजिन वेगळंच.