अमेरिकेचे युद्ध आणि मुंबई बंदर

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने न्यू ऑर्लिन्स, चार्ल्स्टन आदी दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. साहजिकच त्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत नव्या बँकांचे आणि समुद्र हटविणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही बुडाले. परंतु तेजीच्या काळात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभारलेला राजाबाई मनोरा अद्याप उभा आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सेक्टर २२ मध्ये मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा करताना आम्हांस हेच स्मरते : कमावलेले ओसरते, समाजाला दिलेले उरते.