एडवर्ड हॉपर : महानगरातील एकाकीपणाचे चित्रकार

एडवर्ड हॉपर (२२ जुलै १८८२ – १५ मे १९६७) हे विसाव्या शतकातील अग्रगण्य अमेरिकी वास्तववादी चित्रकार होत. उपाहारगृह, कार्यालय, हॉटेलची खोली, पेट्रोल पंप, चित्रपटगृह अशा नित्याच्या ठिकाणी एकट्या पडलेल्या माणसाचे चित्रण ही त्यांच्या कलेची ओळख मानली जाते.

न्यूयॉर्क राज्यातील नायॅक येथे जन्मलेल्या हॉपर यांनी न्यूयॉर्क स्कूल ऑफ आर्टमध्ये रॉबर्ट हेन्री यांच्याकडे शिक्षण घेतले. १९०६ ते १९१० या काळात ते तीन वेळा पॅरिसला गेले. १९१३ च्या ‘आर्मरी शो’ या प्रदर्शनात त्यांचे ‘सेलिंग’ हे चित्र २५० डॉलरला विकले गेले. मात्र त्यानंतरचे चित्र विकले जाण्यास दहा वर्षे लागली. तोवर मासिके आणि जाहिरातींसाठी चित्रे काढून त्यांनी उदरनिर्वाह केला. १९२३ मध्ये चित्रकार जोसेफिन निव्हिसन यांच्या आग्रहामुळे त्यांची जलरंगचित्रे ब्रुकलिन संग्रहालयाच्या प्रदर्शनात घेण्यात आली व संग्रहालयाने त्यांतील एक १०० डॉलरला विकत घेतले. पुढील वर्षी दोघे विवाहबद्ध झाले. १९२५ चे ‘हाउस बाय द रेलरोड’ हे १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखल झालेले पहिले रंगचित्र ठरले.

हॉपर यांच्या चित्रांत घटना जवळजवळ नसते. एकाकीपणाचा प्रत्यय येतो तो प्रकाश, रिकामी जागा आणि वगळलेल्या तपशिलांतून. ‘अर्ली संडे मॉर्निंग’ (१९३०) मध्ये दुकानांच्या रांगेवर कोवळे ऊन पडले आहे, पण रस्त्यावर कोणी नाही. एका खिडकीत आधी रंगवलेली मानवाकृती त्यांनी नंतर पुसून टाकली होती. ‘ऑटोमॅट’ (१९२७) मध्ये रात्री कॉफीचा कप हातात घेऊन बसलेल्या तरुणीमागील काचेत केवळ दिव्यांच्या रांगांचे प्रतिबिंब दिसते.

‘नाइटहॉक्स’ (१९४२) ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कलाकृती. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतरच्या आठवड्यांत ती पूर्ण झाली आणि त्याच वर्षी शिकागो कला संस्थेने ती ३,००० डॉलरला घेतली. काचेआड तीन गिऱ्हाईक व एक कामगार आहेत. परंतु रस्त्यावरून आत जाण्याचे दार चित्रात कोठेही नाही. महानगराचा एकटेपणा आपल्याकडून बहुधा नकळत चितारला गेला असावा, असे हॉपर यांनी या चित्राविषयी म्हटले होते.

विवाहानंतरच्या त्यांच्या चित्रांतील बहुतेक एकाकी स्त्रियांसाठी जोसेफिन याच मॉडेल म्हणून बसल्या. १९६८ मध्ये त्यांच्या निधनानंतर हॉपर यांच्या तीन हजारांहून अधिक कलाकृती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाला मिळाल्या. पतीसाठी प्रदर्शनाचे दार उघडणाऱ्या जोसेफिन यांची स्वतःची अनेक चित्रे मात्र त्या संग्रहात टिकली नाहीत.