शरद ऋतूतील चक्रीवादळे व त्यांच्या पूर्वसूचना (जबलपूर)

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात बंगालच्या उपसागरात जन्मणारी आणि पूर्व किनारा ओलांडून देशाच्या अंतर्भागात शिरणारी चक्रीवादळे, त्यांच्या अवशेषांचा जबलपूर परिसरावर होणारा परिणाम आणि त्यांची आगाऊ वर्दी देणारी यंत्रणा यांचा विचार या नोंदीत केला आहे. नर्मदाकाठचे जबलपूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवरचे शहर विशाखापट्टणम आणि गोपालपूर या दोन्ही किनारी ठाण्यांपासून सरळ रेषेत सुमारे 700 किलोमीटर दूर आहे. त्यामुळे छपरे उडवणारा, झाडे मुळासकट उपटणारा किनाऱ्यावरचा वारा येथे त्या रूपात पोहोचत नाही. येथे येतो तो त्याच वादळाचा पाऊस, आणि तोही बहुधा वादळाचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून उतरल्यानंतर.

अशी वादळे भर पावसाळ्यात न होता त्याच्या दोन्ही कडांना, म्हणजे मुख्यतः मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. वादळ पोसण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंश सेल्सियसच्या वर असावे लागते आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार तफावत असून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पुरेसे उबदार असले, तरी खाली नैऋत्य मोसमी वारे आणि वर पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत यांच्या ओढाताणीत उभे राहू पाहणारे वादळ मधूनच कातरले जाते, आणि त्या महिन्यांत कमी दाबाची क्षेत्रे बरीच निर्माण होऊनही त्यांची चक्रीवादळे क्वचितच होतात. मोसमी वारे माघारी फिरू लागले की ही ओढाताण सैल पडते, पण समुद्राची ऊब कायम असते. पंचांगातील हस्त, चित्रा आणि स्वाती या नक्षत्रांचा, म्हणजे साधारण 27 सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा पाऊस शेतकरी जो धास्तीने मोजतो, त्यातला बराचसा अवकाळी जोर उपसागरातल्या याच घडामोडींतून येतो.

भारतीय हवामान विभाग या प्रणालींचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून करतो. ताशी 31 ते 49 किलोमीटर वेगाचे वारे असलेली प्रणाली ‘कमी दाबाचे तीव्र क्षेत्र’ आणि 50 ते 61 किलोमीटर वेगाची ‘अतितीव्र क्षेत्र’ म्हणून नोंदली जाते. 62 किलोमीटरला ती चक्रीवादळ ठरते आणि तेव्हाच तिला नाव मिळते. पुढे तीव्र, अतितीव्र, अत्यंत तीव्र अशा पायऱ्या चढत 222 किलोमीटर व त्याहून अधिक वेगाच्या वादळाला महाचक्रीवादळ म्हणतात. नावे उत्तर हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी सुचवलेल्या यादीतून क्रमाने दिली जातात. 2020 मध्ये जाहीर झालेल्या सध्याच्या यादीत 13 देशांची 169 नावे आहेत. किनाऱ्यासाठी ही उतरंड अगदी योग्य आहे, परंतु अंतर्भागातल्या वाचकाची ती दिशाभूल करते. जमिनीवर आल्यावर ओलाव्याचा पुरवठा तुटतो, भूपृष्ठाचे घर्षण वाढते आणि वाऱ्याचा वेग झपाट्याने घसरतो. त्याबरोबर प्रणालीचा दर्जा उतरत जाऊन ती पुन्हा ‘कमी दाबाचे क्षेत्र’ एवढ्या साध्या नावावर येते. वरच्या थरांतला भोवरा मात्र आणखी दोन-तीन दिवस टिकतो, उपसागरातली दमट हवा ओढत राहतो आणि मैकल व सातपुड्याच्या चढांवर ती हवा उचलली गेली की पाऊस उलट वाढूही शकतो. दर्जा उतरला म्हणजे धोका उतरला, हा समज जबलपूरच्या बाबतीत चुकीचा आहे, आणि तो अजूनही पुरता मोडलेला नाही.

पूर्व किनाऱ्यावर आलेले प्रत्येक वादळ जबलपूरकडे येते असे नाही. किंबहुना अंदाज वर्तवणाऱ्यांची खरी कसोटी याच प्रश्नावर लागते. ‘फायलिन’ हे वादळ 12 ऑक्टोबर 2013 रोजी गोपालपूरजवळ धडकले आणि ओडिशातून उत्तरेकडे झारखंड व बिहारच्या दिशेने गेले. बरोबर एक वर्षाने, 12 ऑक्टोबर 2014 रोजी, ‘हुडहुड’ विशाखापट्टणमवर आदळले आणि छत्तीसगड व पूर्व मध्य प्रदेशाच्या बाजूने वर सरकत पूर्व उत्तर प्रदेशापर्यंत पोहोचले. त्याच्या अवशेषांना पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या द्रोणीची साथ मिळाली आणि 14 ऑक्टोबरला नेपाळच्या अन्नपूर्णा भागात झालेल्या हिमवादळात 40हून अधिक माणसे दगावली, त्यांत गिर्यारोहक व वाटाडे होते. सप्टेंबर 2018 मधील ‘डाये’ ओडिशातून छत्तीसगडमार्गे थेट मध्य प्रदेशात शिरले. 26 सप्टेंबर 2021 रोजी उत्तर आंध्र-दक्षिण ओडिशा किनाऱ्यावर आलेले ‘गुलाब’ मात्र तेलंगणातून पश्चिमेला वळले, मराठवाड्यात उभ्या सोयाबीनवर अतिवृष्टी करून गेले, आणि अरबी समुद्रात उतरल्यावर त्याच्या अवशेषांतून ‘शाहीन’ हे नवे वादळ उभे राहून ओमानपर्यंत गेले. एकाच किनारपट्टीवरून निघालेल्या वादळांच्या वाटा एवढ्या फाकत असल्यामुळे, मार्गाच्या अंदाजात शंभर किलोमीटरचा फरक पडला तरी पाऊस दिंडोरी-मंडल्यावर पडणार की बालाघाट-नागपूरवर, हे बदलते.

भारतातील वादळाच्या इशाऱ्यांचा इतिहासच शरदातल्या एका आपत्तीपासून सुरू होतो. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळाने प्रचंड जीवितहानी केली; त्यानंतर 1865 मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि 1875 मध्ये हवामान विभागाची स्थापना झाली. इशारे आधी जहाजांसाठी आणि बंदरांसाठी होते. सध्याच्या पद्धतीत ते चार टप्प्यांत दिले जातात : सुमारे 72 तास आधी लक्ष ठेवण्याची सूचना, किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या किमान 48 तास आधी सावधगिरीचा इशारा, किमान 24 तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा आणि वादळ जमिनीवर येण्याच्या किमान 12 तास आधी भूप्रवेशानंतरचा अंदाज. या चौथ्या टप्प्यात वादळ जमिनीवर आल्यावर कोणत्या दिशेने सरकेल आणि अंतर्भागात काय घडेल हे सांगितलेले असते. जबलपूरच्या दृष्टीने चारांपैकी हाच टप्पा सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच सर्वांत कमी वाचला जातो. 1999 च्या ओडिशा महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार माणसे गेली आणि 2013 च्या फायलिनमध्ये, सुमारे 10 लाख लोकांना आधीच हलवल्यामुळे, मृतांची संख्या कित्येक पटींनी कमी राहिली. इशारा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला म्हणजे काय साधते याचा हा पुरावा किनाऱ्याने दिला आहे. अंतर्भागासाठी तेवढ्याच कळकळीने काम झालेले नाही.

जबलपूरला मिळणारा अंदाज भोपाळच्या हवामान केंद्रातून निघतो आणि ते केंद्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अखत्यारीत येते. नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात पूर्वी असलेले जबलपूर आणि विदर्भ 1956 मध्ये वेगळे झाले, पण वेधशाळेच्या नकाशात विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश आजही एका केंद्राखाली आहेत, आणि उपसागरातून येणाऱ्या प्रणालींची वाट पाहिली तर ही रचना समर्पकही आहे. पत्रकात जबलपूर जिल्हा ‘पूर्व मध्य प्रदेश’ या उपविभागात मोडतो. इशाऱ्याला चार रंग असतात : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पावसाचे प्रमाण सांगणारे शब्दही मोजून वापरलेले असतात. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पावसाला जोरदार, 115.6 ते 204.4 मिलिमीटरला अतिजोरदार आणि त्यापुढच्या पावसाला अत्यंत जोरदार म्हणतात. हिंदी पत्रकातला ‘कहीं-कहीं’ किंवा मराठीतला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द पाऊस किरकोळ असल्याचे सांगत नाही. उपविभागातील एक चतुर्थांशापर्यंतच्या केंद्रांवर तो पडेल, एवढाच त्याचा अर्थ. ‘तुरळक ठिकाणी अतिजोरदार’ असे वाचून निश्चिंत होणाऱ्याच्या गावातच ते तुरळक ठिकाण असू शकते. वादळ जवळ आल्यावर पुढील तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज निघतो. त्यात ताशी 40 ते 50 किलोमीटरच्या सोसाट्याच्या वाऱ्याचा किंवा विजांचा उल्लेख असेल, तर नवरात्रातले दुर्गा मंडप, कमानी आणि जाहिरातींचे फलक यांच्यासाठी तेवढी सूचनाही पुरेशी गंभीर असते.

या अंदाजांना एक भौगोलिक मर्यादा आहे. ढगांतील पावसाचा व वाऱ्याचा वेध घेणारी नागपूर व भोपाळ येथील डॉप्लर रडारे जबलपूरपासून प्रत्येकी सुमारे 250 किलोमीटर दूर आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून कित्येक किलोमीटर वरून जातो, आणि थकलेल्या वादळाचे बुटके ढग, ज्यांतून संथ पण न थांबणारा पाऊस पडतो, त्याच्या खालीच राहतात. ही उणीव उपग्रह आणि पर्जन्यमापके काही अंशी भरून काढतात.

वादळाचे अवशेष छत्तीसगडकडून येतात तेव्हा पाऊस आधी नर्मदेच्या वरच्या पाणलोटात, म्हणजे अमरकंटक, दिंडोरी आणि मंडला भागात पडतो आणि नंतर जबलपूर शहरावर. शहरावर नुसते मळभ असताना नदीला पाणी चढण्याची शक्यता त्यातून निर्माण होते. शहराच्या वरच्या अंगाला बरगी धरण (राणी अवंतीबाई लोधी सागर) आहे. 21 दरवाजांच्या या धरणाची पूर्ण संचय पातळी 422.76 मीटर असून पावसाळा संपताना ते या पातळीपर्यंत भरून घेण्याचा प्रयत्न असतो, कारण पुढच्या आठ महिन्यांचे सिंचन, वीज आणि पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून असते. जुलैतल्या पुराला धरणात जागा असते, ऑक्टोबरातल्या पुराला ती बहुधा नसते. म्हणून शरदातल्या वादळाची वर्दी मिळाल्यावर पाणी आधीच थोडे सोडायचे की धरून ठेवायचे, हा निर्णय दोन्ही बाजूंनी जोखमीचा असतो : सोडले आणि वादळ बिहारकडे वळले तर रब्बीचे पाणी गेले, धरले आणि वादळ आले तर दरवाजे एकदम उघडावे लागून ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट येथे पाणी चढते. ग्वारीघाटावर रोज संध्याकाळी नर्मदेची आरती होते. पायऱ्यांवरचे दुकानदार, नावाडी आणि स्नानाला आलेले यात्रेकरू यांना दरवाजे उघडण्याची सूचना काही तास आधी मिळाली, तरच तिचा उपयोग असतो.

सर्वांत खोल परिणाम शेतीवर होतो. जबलपूर जिल्ह्याच्या सपाट काळ्या जमिनीत, विशेषतः पाटण परिसरात, ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत आहे : शेताभोवती मातीचे उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचे, त्यात तण कुजू द्यायचे, जमिनीत ओल मुरू द्यायची आणि ऑक्टोबरमध्ये बांध फोडून, वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून क्रमाने वाहू देऊन, वाफसा येताच गहू, हरभरा, मसूर पेरायचा. पाणी कोणी कधी सोडायचे हे शेजाऱ्यांच्या संमतीने ठरते. बांध फोडल्यावर वादळी पाऊस आला तर वाफसा लांबतो आणि नुकते पेरलेले बी कुजते. वादळाच्या भीतीने बांध राखून ठेवले आणि पाऊस आला नाही तर पेरणीचे दिवस हातचे जातात. कालव्यांचे पाणी आणि सोयाबीन आल्यावर ही पद्धत आकसली असली, तरी तिच्यातला पेच संपलेला नाही. जिल्ह्याची ओळख असलेला हिरवा वाटाणा याच दिवसांत पेरला जातो आणि कोवळ्या वाटाण्याला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. धान तेव्हा निसवून भरलेले किंवा कापून कडप्यांत पसरलेले असते. उभे असेल तर वाऱ्याने लोळते, पडलेले असेल तर भिजून दाण्याला कोंब फुटतात. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस आंध्र किनाऱ्यावर आलेल्या ‘मोंथा’सारख्या उशिराच्या वादळाचा धसका याच कारणाने मोठा असतो, कारण ते पीक घरात येण्याच्या ऐन तोंडावर येते.

जबलपूरच्या अधारताल भागात 1964 मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय हवामान विभागाच्या सहकार्याने कृषिहवामान सल्ला देते. तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. कापणी पुढे ढकला, कापलेले धान बांधून उंचावर पुंजणे घाला, फवारणी व खत थांबवा, शेतातले चर मोकळे करा, अशा प्रकारच्या सूचना वादळी हवामानात उपयोगी ठरतात. मंगळवार-शुक्रवारची ही चाकोरी नेहमीच्या पावसासाठी पुरते, पण वादळाला नाही : शनिवारी सकाळी मार्ग बदललेल्या वादळाचा पाऊस पुढचा सल्ला निघण्याआधी शेतात उतरलेला असू शकतो. त्या मधल्या काळात शेतकऱ्याला रोजच्या जिल्हावार इशाऱ्यावर आणि ‘मौसम’, ‘मेघदूत’ व विजांची सूचना देणाऱ्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर विसंबावे लागते.

जमिनीवर आलेली प्रणाली ताशी 15 ते 20 किलोमीटर वेगाने सरकते असे धरले, तर किनाऱ्यापासून जबलपूरपर्यंत यायला तिला साधारण 35 ते 47 तास लागतात. किनाऱ्यावरच्या माणसाला असा अवधी समुद्रावरच्या अंदाजातून, म्हणजे काहीशा अनिश्चिततेतून मिळतो. जबलपूरला तो वादळ प्रत्यक्ष जमिनीवर दिसत असताना मिळतो. तेवढ्या वेळात धानाचे पुंजणे झाकता येतात, शेतांतील व शहरातील नाल्यांची तोंडे मोकळी करता येतात, मंडपांचे दोर आवळता येतात, घाट रिकामे करता येतात आणि मंडल्यातील पर्जन्यमापकांचे आकडे पाहून बरगीचे दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडता येतात. ही कामे करायला यंत्रणा नव्याने उभारावी लागत नाही. वादळ किनारा ओलांडते त्या दिवशी निघणारा भूप्रवेशानंतरचा अंदाज जिल्हाधिकारी कार्यालयापासून घाटापर्यंत आणि कृषी विश्वविद्यालयापासून पाटणच्या बांधापर्यंत त्याच दिवशी पोहोचावा लागतो.