आखाती वित्तप्रेषणे : केरळ

परदेशात काम करणाऱ्याने आपल्या वेतनातून मायदेशी कुटुंबास पाठविलेली रक्कम म्हणजे वित्तप्रेषण होय. मुंबईच्या गिरणीकामगारांच्या मनीऑर्डरींवर कोकणातील अनेक संसार उभे राहिले; केरळातील आखाती पैसा त्याच जातीचा, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावरचा.

केरळीयांचे देशांतर जुने आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते श्रीलंका, मलाया येथे जात. पुढे काही जण पारपत्राविना गलबतांतून अरबी किनाऱ्यावर उतरले. १९७३-७४ मध्ये खनिज तेलाची किंमत सु. चौपट झाली व आखाती देशांत बांधकामांना वेग आला, तेव्हा या वाटेवर गवंडी, सुतार, वाहनचालक यांची रीघ लागली. तिरुवनंतपुरम येथील विकास अभ्यास केंद्राच्या १९९८ च्या पाहणीत केरळचे १३·६ लाख रहिवासी परदेशी असल्याचे आढळले. त्यांतील नऊदशांशांहून अधिक आखातात होते.

या पैशाने घरे, सोने, जमिनी, विवाह व मुलांचे शिक्षण यांवरील खर्च वाढला. दारिद्र्य व बेकारी घटली. १९८० च्या दशकात राज्याचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असताना दरडोई उपभोगखर्च मात्र तिच्याहून अधिक होता. कारखानदारी त्या मानाने वाढली नाही. भातशेतीचे क्षेत्र १९७४-७५ मधील सु. ८·८ लाख हेक्टरांवरून २०१२-१३ पर्यंत सु. दोन लाखांवर आले. वाढती मजुरी व जमिनींचे भाव हीही त्याची कारणे असल्याने सारा दोष आखाती पैशावर ठेवता येत नाही.

स्थलांतरित उधळे असल्याने उद्योग उभे राहिले नाहीत, हा आक्षेप वरवरचा आहे. आखातात नागरिकत्व मिळत नसे. मुक्काम कराराच्या मुदतीपुरता व मालकाच्या मर्जीवर. परतणे अटळ असलेल्या कुटुंबाने घर व सोने यांत पैसा गुंतविणे हा एक प्रकारचा विमाच होता. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले, तेव्हा या भीतीचा प्रत्यय आला. शिवाय बँकांत साठलेल्या ठेवींच्या मानाने केरळमध्ये कर्जे कमी दिली जात. बराचसा पैसा अन्य राज्यांतील उद्योगांना उपयोगी पडला. अनिवासी भारतीयांच्या भांडवलाच्या साहाय्याने उभारलेला व १९९९ मध्ये सुरू झालेला कोची विमानतळ हा उल्लेखनीय अपवाद होय.

केरळीय मजूर बाहेर व मजुरी चढी, त्यामुळे बांधकामांवर बंगाल, आसाम, ओडिशा येथील कामगार येऊ लागले. तेही आपल्या गावी पैसे पाठवितात.

२०२३ च्या पाहणीनुसार परदेशस्थ केरळीय सु. २२ लाख व वार्षिक वित्तप्रेषण सु. २·१७ लाख कोटी रु. होते. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीच्या तुलनेत रक्कम अडीचपट झाली, मात्र माणसांची संख्या जवळजवळ तीच राहिली. या परदेशस्थांत सु. अडीच लाख विद्यार्थी असून, त्यांच्या शुल्कासाठी व निर्वाहासाठी पैसा केरळातून बाहेर जाऊ लागला आहे.