रिकामटेकड्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि कायदे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. अलीकडच्या काळात शेतकरी, कारागीर, गिरणीकामगार यांनाही इतिहासाच्या पंगतीत पाट मिळू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण ज्यांच्या हातांना कामच नव्हते, जे नाक्यावर बसून राहिले, ज्यांच्या नावावर ना पराक्रम ना उत्पादन, त्यांचा इतिहास कोण लिहिणार? सरकारी दप्तरात त्यांचा एक आकडा असतो आणि पोलिसांच्या वहीत क्वचित एखादी नोंद. याहून अधिक काही हवे असेल तर ते कोठे शोधावे, या प्रश्नाचा विचार आम्ही एका स्वस्तातल्या विनोदी चित्रपटाच्या आधारे करणार आहोत. चित्रपट स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा आहे. त्याचे नाव ‘दॅट सिंकिंग फीलिंग’, साल १९७९, आणि कथा बेकार पोरांनी केलेल्या एका चोरीची.

प्रथम शहराची ओळख करून घेऊ. क्लाइड नदीच्या काठी वसलेले ग्लासगो हे ब्रिटिश साम्राज्याचे दुसरे शहर म्हणून मिरवत असे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगात पाण्यावर उतरणाऱ्या जहाजांच्या एकूण टनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या क्लाइडवर बांधला जाई. ‘क्वीन मेरी’ हे प्रचंड प्रवासी जहाज १९३४ साली येथूनच पाण्यात उतरले. तीन कारखाने एक होऊन १९०३ साली स्थापन झालेली नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीही याच शहरातली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मालगाड्या ओढणारी जी ‘डब्ल्यूजी’ जातीची वाफेची इंजिने आली, त्यांतील पहिली इंजिने १९५० च्या सुमारास या कारखान्यात तयार झाली होती. म्हणजे ग्लासगोच्या कामगाराचे हात आपल्याला अगदीच परके नव्हते. ज्या गाडीने आपल्या गावात धान्य आणि कोळसा आला, तिच्यापुढे कदाचित त्यानेच ठोकलेले इंजिन धावत असेल.

हे वैभव उतरणीला कसे लागले, याची कारणे थोडक्यात सांगता येतील. जपान आणि युरोपातील नवे जहाज-कारखाने अधिक स्वस्तात आणि अधिक वेगाने काम करू लागले. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल आणि विजेच्या इंजिनांनी घेतली. जुन्या मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घालण्याची टाळाटाळ केली. १९६२ साली नॉर्थ ब्रिटिश कंपनी बुडाली. क्लाइडवरचे उरलेसुरले जहाज-कारखाने १९६८ साली एकत्र करण्यात आले, आणि १९७१ च्या जून महिन्यात त्या जोडकंपनीचेही दिवाळे निघाले. शहराची लोकसंख्या १९३० नंतरच्या दशकात अकरा लाखांच्या घरात पोहोचली होती. १९८१ साली ती आठ लाखांच्याही खाली आली. जुन्या दगडी चाळी पाडून लोकांना उंच इमारतींत आणि ईस्टरहाऊस, ड्रमचॅपेल, कॅसलमिल्क अशा गावाबाहेरच्या वसाहतींत नेण्यात आले. तेथे घरे होती. पण दुकाने, करमणूक आणि रोजगार यांची वाण होती.

१९७१ सालची एक घटना मात्र येथे सविस्तर सांगितली पाहिजे. जोडकंपनीत आठ हजारांहून अधिक माणसे कामाला होती आणि त्यांतील बहुसंख्यांवर घरी बसण्याची पाळी येणार होती. अशा वेळी कामगार संप करतात. येथे कामगारांनी उलटेच केले. ‘आम्ही काम सोडणार नाही, कामच करीत राहू,’ असे म्हणून त्यांनी कारखान्यांचा ताबा घेतला. त्यांचा पुढारी जिमी रीड याने सोबत्यांना बजावले की गुंडगिरी होता कामा नये, मोडतोड होता कामा नये, दारू पिणे होता कामा नये. जग आपल्याकडे पाहत आहे. पुढे फेब्रुवारी १९७२ मध्ये हीथ सरकारला नमते घेऊन साडेतीन कोटी पौंडांची मदत द्यावी लागली. त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाचा रेक्टर या नात्याने केलेल्या भाषणात रीडने सांगितले की, आपले आयुष्य आपल्या हातचे राहिलेले नाही, समाजाच्या निर्णयांत आपल्याला मोजलेच जात नाही, ही भावना हाच या काळाचा खरा रोग आहे.

रीडजवळ निदान लढण्यासाठी कारखाना होता. त्याच्या पाठच्या पिढीजवळ काय होते? ज्याला कधी कामावर घेतलेच नाही, त्याने संप तरी कशावर करावा आणि ताबा तरी कशाचा घ्यावा? आमच्या मते ‘दॅट सिंकिंग फीलिंग’ या चित्रपटाचा खरा विषय हाच आहे.

त्याचा कर्ता बिल फोर्साइथ हा १९४६ साली ग्लासगोतच जन्मला. शाळा सुटल्यावर वर्तमानपत्रातली ‘पोऱ्या पाहिजे’ अशा अर्थाची जाहिरात वाचून तो एका माहितीपट काढणाराकडे कामाला लागला, आणि पुढे अनेक वर्षे संस्थांसाठी लहान माहितीपट करीत राहिला. मोठा चित्रपट काढावा तर पैसा नाही. ‘ग्रेगरीज गर्ल’ ही त्याची पटकथा तयार असूनही तिला कोणी भांडवल देईना. तेव्हा त्याने ग्लासगो यूथ थिएटर या हौशी मंडळीतली तरुण मुले हाताशी धरली आणि सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण केले. बहुतेकांनी मेहनताना मागाहून घेण्याच्या बोलीवर काम केले. रोख खर्च दहा हजार पौंडांच्या आतच राहिला. म्हणजे बेकारांवरचा हा चित्रपट स्वतः एका परीने बेकारांचाच उद्योग होता. १९७९ सालच्या एडिंबरो चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला.

कथा साधी आहे. रॉनी, वॅल, अँडी, व्हिक आणि त्यांचे सोबती पावसात भिजत शहरभर भटकत असतात. रॉनीने जीव देण्याचा प्रयत्न केलेला असतो; पण कसा, तर दूध घातलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या वाडग्यात बुडून! पुढे त्यालाच कल्पना सुचते की स्टेनलेस स्टीलच्या सिंकांना, म्हणजे स्वयंपाकघरात भांडी धुण्यासाठी बसवतात त्या पत्र्याच्या कुंडांना, चांगला भाव आहे. मग एका गोदामावर डल्ला मारण्याचा बेत ठरतो. पहारेकऱ्याला भुलवण्यासाठी दोघे बायकांचा वेष घेतात, मोटार-व्हॅन मिळवण्यासाठी झोपेचे औषध तयार होते, आणि ढीगभर सिंके हाती लागल्यावर प्रश्न पडतो की यांचे आता करावयाचे काय!

कोणी म्हणेल, हा तर फार्स. यात इतिहास कोठे आला? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. विनोदातल्या घटना अतिशयोक्त असतात, त्यांवर इतिहासकाराने विसंबू नये हे खरे. पण घटनांमागे लेखक जे गृहीत धरतो, ते फार मोलाचे असते. या चित्रपटात पोरे बेकार का आहेत याची कारणमीमांसा करीत कोणी बसत नाही. प्रेक्षकांना ते सांगण्याची गरजच नव्हती. ओस इमारती, पाडापाडी चाललेल्या वस्त्या आणि भरदुपारी मोकळी पोरे ही ग्लासगोकरांच्या रोजच्या पाहण्यातली होती. चित्रपटाच्या आरंभी मिस्किलपणे जाहीर केले आहे की ही कथा ग्लासगो नावाच्या काल्पनिक गावी घडते आणि त्याच नावाच्या खऱ्या गावाशी आढळणारे साम्य हा केवळ योगायोग समजावा. ज्या शहराला राज्यकर्ते विसरले, त्याने स्वतःलाच काल्पनिक म्हणवून घ्यावे, यातली बोच हसता हसता ध्यानी येते.

फसलेल्या किंवा फसता फसता राहिलेल्या चोरांची परंपरा चित्रपटांत जुनी आहे. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ या १९५१ सालच्या इंग्रजी चित्रपटात बँकेतला कारकून सोने पळवतो. त्याला नोकरी आहे, फक्त तिचा कंटाळा आला आहे. मारिओ मोनिचेल्ली याच्या १९५८ सालच्या इटालियन चित्रपटात रोममधले कफल्लक भुरटे भलतीच भिंत फोडतात आणि अखेर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून जेवून जातात. त्यांना पोटाची भूक आहे. ग्लासगोच्या पोरांची गोष्ट याहून निराळी. त्यांना सोन्याचा लोभ नाही आणि ती उपाशीही मरत नाहीत, कारण सरकारी भत्ता मिळतो. त्यांना हवे आहे ते काम. चोरीचा बेत ठरताच पहा काय होते! कामे वाटली जातात, वेळा ठरतात, सराव होतो, ज्याला त्याला आपली जागा मिळते. कालचे आळशी आज झडझडून उठतात. बापाने जहाजाला पोलादी पत्रे ठोकले, मुलाने पोलादी सिंके चोरली. पण संघटितपणे काही पार पाडण्याची हौस तीच. आळस हा या पोरांचा स्वभाव नव्हता, ती त्यांच्यावर लादलेली अवस्था होती, हे या चित्रपटाने एकही भाषण न करता दाखवून दिले.

याचा अर्थ चोरीचे समर्थन करावे असा नव्हे. गरिबीला हसणे हे क्रूरपणाचे होऊ शकते, हेही आम्हास मान्य आहे. पण येथे हसणारे आणि ज्यांना हसावयाचे ते एकाच वस्तीतले आहेत. दुसऱ्याने दया दाखवण्यापूर्वी आपणच आपल्यावर हसून घ्यावे, यात एक स्वाभिमान असतो.

पुढची हकीगत लवकर सांगता येईल. या चित्रपटामुळे फोर्साइथचे नाव झाले आणि अडलेला ‘ग्रेगरीज गर्ल’ १९८१ साली सुमारे दोन लाख पौंड खर्चून पडद्यावर आला. त्याच्या पटकथेला ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यामागोमाग १९८३ साली बर्ट लँकेस्टरसारखा नट असलेला ‘लोकल हीरो’ आला. बेकारी मात्र थांबली नाही. १९७९ साली ब्रिटनमध्ये तेरा लाखांच्या आसपास बेकार होते. जानेवारी १९८२ मध्ये हा आकडा तीस लाखांच्या वर गेला. १९९० साली ग्लासगोला युरोपची सांस्कृतिक नगरी हा मान लाभला, पण क्लाइडवरचे ते घणांचे आवाज परत आले नाहीत.

तीस लाख हा आकडा दप्तरात आहे आणि राहील. त्या तीस लाखांतला एखादा मुलगा दुपारी तीन वाजता काय करीत होता, मित्राशी काय बोलत होता, कशाला हसत होता, हे मात्र दप्तर सांगू शकत नाही. ते या भिजट, गरीब, खोडकर चित्रपटाने जपून ठेवले. आपल्याही गावात पारावर, पुलाच्या कठड्यावर अशी मुले बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहून ‘रिकामटेकडी’ हा शब्द आपल्या ओठांवर सहज येतो. तो उच्चारण्यापूर्वी, त्यांचे हात रिकामे कोणी ठेवले, एवढा प्रश्न आपण स्वतःला विचारला, तरी या विवेचनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.